मनाचे दुखणे

गावात कोणाला ताप आला, कोणाचा पाय मोडला, की शेजारीपाजारी विचारपूस करायला धावतात. कोणी पेज करून आणतो, कोणी डॉक्टरला बोलावतो, कोणी रात्रभर उशाशी बसतो. परंतु त्याच घरात एखाद्याचे मन आजारी पडले, तर सारे चित्र पालटते. घराच्या दाराला आतून कडी लागते आणि बाहेर कुजबुज सुरू होते. पाय मोडल्याचे सांगताना ज्या घराला संकोच वाटत नाही, त्याच घराला मनाच्या आजाराचे नाव घेताना मान खाली घालावी लागते. दुखणे दोन्हीकडे दुखणेच. मग एकाच्या वाट्याला सहानुभूती आणि दुसऱ्याच्या वाट्याला कुचेष्टा का यावी?

मराठी भाषेत ‘वेड’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. कोणाला नाटकाचे वेड असते, कोणाला गडकोट हिंडण्याचे, कोणाला पुस्तकांचे. अशा वेडाचे लोक कौतुकच करतात. ध्येयासाठी सर्वस्व वेचणाऱ्याला ‘ध्येयवेडा’ म्हणून गौरवतात. पण तोच शब्द आजारी माणसाला उद्देशून उच्चारला, की तो दगडासारखा लागतो. ताप आला म्हणून माणसाची ओळख पुसली जात नाही. तो कोणाचा मामा असतो, कोणाचा मित्र असतो, चांगला सुतार असतो. मन आजारी पडलेल्या माणसाचे मात्र नाव, नाते आणि कसब ही सारी त्या एका शब्दाखाली गाडली जातात. समाजाने लावलेला कलंक म्हणतात तो हाच.

या कलंकाचे मूळ अज्ञानात आहे. मोडलेले हाड दिसते, अंगावरची जखम दिसते. मनाची व्यथा दिसत नाही. जे दिसत नाही आणि कळत नाही, त्याची माणसाला भीती वाटते. म्हणून पूर्वी लोकांनी या आजाराला नाना कारणे चिकटवली. कोणी म्हणाले, भूत लागले. कोणी म्हणाले, करणी केली. कोणी त्यात पूर्वजन्मीचे पाप पाहिले. आज शास्त्र सांगते, की मेंदूतील बिघाड, आनुवंशिकता, दीर्घकाळचे दुःख, एकटेपणा आणि दारिद्र्य अशा अनेक गोष्टी मिळून मनाचा आजार घडतो. त्यात पाप नाही आणि लाजही नाही. तरीही अनेक घरांत आधी मांत्रिक येतो आणि डॉक्टर फार उशिरा येतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली रुग्णाला बांधून मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यान्वये गुन्हा ठरला आहे. असा कायदा करावा लागला, यावरूनच त्या अज्ञानाची खोली कळून येते.

अज्ञानाच्या जोडीला निष्ठुरता आली म्हणजे काय घडते, हे इतिहासात दिसते. अठराव्या शतकात लंडनच्या बेथलेम रुग्णालयात लोक केवळ करमणुकीखातर रुग्ण पाहायला जात आणि त्यासाठी पैसे देत. पिंजऱ्यातील पशू पाहावे तशी माणसे माणसांकडे पाहून हसत. हा सर्रास प्रवेश १७७० साली बंद झाला. परंतु अशा गोष्टी केवळ दूरच्या काळातच घडल्या असे नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळताही आले नाही. २८ जणांचा अंत झाला. त्यांचा जीव आगीने घेतला हे खरे; पण त्यांच्या पायांत साखळी घालणारे हात माणसांचेच होते.

साखळी घालणारे हात माणसांचे, तसे ती काढणारे हातही माणसांचेच. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात झां-बाप्तिस्त प्युसें नावाचा एक व्यवस्थापक होता. तो स्वतः पूर्वी तेथेच रुग्ण म्हणून आला होता, त्यामुळे दुखणेकऱ्याचे मन तो जाणत होता. त्याने १७९७ साली रुग्णांच्या लोखंडी साखळ्या काढल्या. त्याच्याबरोबर काम केलेले डॉक्टर फिलिप पिनेल यांनी पुढे साल्पेत्रिएर रुग्णालयात तेच केले. रुग्णाशी सौम्यपणे बोलावे, त्याला काम द्यावे, त्याचे ऐकून घ्यावे, हा उपचाराचाच भाग आहे, असे पिनेल यांनी जगाला सांगितले.

बेल्जियममधील गील या गावाने तर याहूनही मोठा धडा घालून दिला. कित्येक शतकांपासून तेथील कुटुंबे मनोरुग्णांना आपल्या घरी ठेवून घेत आली आहेत. रुग्ण घरच्यांबरोबर जेवतात, शेतात हात लावतात, मुलांना खेळवतात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण त्या गावात असे राहत होते. पुढे ही संख्या पुष्कळ घटली, पण प्रथा मोडली नाही. ज्या मुलांनी लहानपणापासून अशी माणसे आपल्या पंगतीला पाहिली, त्यांना त्यांची भीती कशी वाटावी?

येथे कोणी विचारील, की असे रुग्ण धोकादायक नसतात काय? या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. तीव्र आजारात काही थोडे रुग्ण क्षुब्ध होतात. त्यांना त्वरित उपचार लागतात. परंतु बहुसंख्य रुग्ण कोणालाही इजा करीत नाहीत. उलट इतरांच्या छळाचे बळी तेच अधिक होतात. केवळ दयेने हा आजार बरा होतो असेही नाही. औषध, डॉक्टर आणि आपली माणसे या तिन्हींची जोड लागते. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांच्या संस्थेने नेमके हेच केले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करायचे आणि बरे वाटू लागल्यावर त्यांना त्यांच्या घरी पोहोचवायचे, हे कार्य त्यांनी आरंभले. त्यासाठी २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना रस्त्यावरचे लोक केवळ वेडे म्हणून ओळखत, त्यांनाही कोठे तरी घर होते आणि वाट पाहणारी माणसे होती.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जो चारचौघांसारखा वागत नाही, तो आजारीच असतो असे नाही. तेराव्या शतकात रिद्धपूरचे गोविंदप्रभू उच्चनीच न मानता कोणाच्याही घरी जात. लोक त्यांना वेडे म्हणत आणि संकटात त्यांच्याकडेच धाव घेत. पुण्यात १८४८ पासून मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्यावर लोकांनी शेण आणि दगड फेकले. वेगळी वाट धरणाऱ्याला वेड्यात काढणे समाजाला सोपे जाते. त्याचे म्हणणे समजून घेणे कठीण जाते. म्हणून आजारी माणसाला उपचार हवेत आणि वेगळ्या माणसाला मोकळीक हवी. हसणे मात्र दोघांनाही नको.

भारतात २०१७ साली झालेला आणि २०१८ पासून अमलात आलेला मानसिक आरोग्यसेवेचा कायदा आता रुग्णांच्या पाठीशी उभा आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्याने मनाई केली. शरीराच्या रुग्णाला जी वागणूक मिळते, तीच मनाच्या रुग्णालाही मिळाली पाहिजे, असे तो सांगतो. मन खचलेल्याला धीर मिळावा म्हणून ‘टेलि-मानस’ ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवाही २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे.

परंतु कायदा पायातील साखळी काढू शकतो, जिभेवरचा शब्द काढू शकत नाही. वर्गात एखादा मुलगा अचानक अबोल होतो, एखादी मुलगी आपल्या आईच्या आजाराविषयी कोणाशी बोलत नाही. त्यांना न्यायालयाची गरज नसते. शेजारच्या बाकावरच्या सोबत्याची असते. त्याने चिडवले, तर ते दुःख आत दडून वाढते. त्याने जवळ बसवून घेतले आणि शिक्षकांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या कानावर गोष्ट घातली, तर उपचाराची वाट खुली होते. ताप आलेल्या मित्राची चौकशी करायला जाणारी पावले मन आजारी असलेल्या मित्राच्या दारीही तितक्याच सहजपणे वळली पाहिजेत. ज्या दिवशी असे होईल, त्या दिवशी त्या घराच्या दाराची कडी आपोआप निघेल.