आमदारांच्या अहवालात विजेचा हिशेब हवा

विधिमंडळाचे अधिवेशन संपले की मतदारसंघामतदारसंघांतून कार्य-अहवालांचे पेव फुटते. गुळगुळीत कागदावर छापलेल्या या पुस्तिकांत रस्त्यांची भूमिपूजने असतात, सभामंडपांची उद्‌घाटने असतात, सत्कार असतात आणि छायाचित्रे तर मुबलक असतात. नसते ते एवढेच, की ज्या कामासाठी मतदारांनी आमदाराला मुंबईला अथवा नागपूरला धाडले, त्या कायदे करण्याच्या आणि शासनाला जाब विचारण्याच्या कामाचे विवरण. सभागृहात कोणते विधेयक आले, त्याने सामान्य कुटुंबाच्या जीवनात काय फरक पडणार आहे, आपल्या आमदाराने त्यावर कोणती भूमिका घेतली, याविषयी पुस्तिका मौन बाळगते.

हे मौन सर्वाधिक जाणवते ते विजेच्या प्रश्नात. दर महिन्याला न चुकता घरोघरी पोहोचणारा कायद्याचा कागद एकच, तो म्हणजे विजेचे देयक. त्यातील प्रत्येक ओळीमागे एखादे कलम, एखादा नियम अथवा एखादा आदेश उभा असतो. तरीही या कागदाचा अर्थ मतदाराला समजावून सांगणे हे आपले काम आहे, असे फारच थोड्या लोकप्रतिनिधींना वाटते.

रामभाऊंचा पायंडा

महाराष्ट्राला ही परंपरा अपरिचित मात्र नाही. रामभाऊ म्हाळगी १९५७ मध्ये मावळ मतदारसंघातून जनसंघाचे उमेदवार म्हणून विधानसभेवर निवडून आले. पुढे पुण्यातून त्यांनी विधानसभेत प्रतिनिधित्व केले आणि १९७७ व १९८० मध्ये ठाण्यातून ते लोकसभेवर गेले. आपण वर्षभरात काय केले याचा लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा पायंडा रामभाऊंनी पाडला. मताचे दान घेतले आहे, तेव्हा त्याचा हिशेब देणे हे कर्तव्यच होय, अशी त्यामागची साधी धारणा होती. ६ मार्च १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने उभी राहिलेली प्रबोधिनी आज लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणाचे कार्य करते. परंतु त्यांनी घालून दिलेल्या अहवालाच्या प्रथेचे जे प्रसिद्धीपत्रक होऊन बसले आहे, ते पाहून त्यांना मानणाऱ्यांनी तरी अंतर्मुख व्हायला हवे.

ज्या मावळाने रामभाऊंना प्रथम विधानसभेत पाठविले, त्या मावळाचे आणि विजेचे नातेही विलक्षण आहे. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून, ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू केले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. शेजारच्या मुळशीत धरणाखाली जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. महानगराचे दिवे लागताना कोणाची शेते पाण्याखाली गेली, हा प्रश्न या भूमीने शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. वीज कोठून येते, तिचे मोल कोण चुकवतो आणि तिचा लाभ कोणाला होतो, हे तीन प्रश्न त्या काळाइतकेच आजही जिवंत आहेत. त्यांची उत्तरे देण्याची जबाबदारी लोकप्रतिनिधीची आहे.

आमदाराचा संबंध काय?

वीज हा केंद्राचा विषय आहे, दर नियामक आयोग ठरवितो, वितरण महावितरण करते. मग आमदाराला त्यात करण्यासारखे काय आहे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो अर्धवट आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे. विजेच्या वापरावरील व विक्रीवरील कर तर राज्य सूचीतच आहे. घरगुती देयकात जे १६ टक्के वीज शुल्क आकारले जाते, ते राज्याच्या २०१६ च्या वीज शुल्क अधिनियमानुसार. हा कायदा याच विधिमंडळाने संमत केलेला आहे. देयक पाहून ग्राहक महावितरणच्या वायरमनवर चिडतो, परंतु त्यातील एक ओळ आपल्याच आमदारांच्या सभागृहाने लिहिलेली आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना संमत झालेला विद्युत अधिनियम १० जून २००३ पासून अमलात आला. १९१०, १९४८ आणि १९९८ असे तीन जुने कायदे त्याने मोडीत काढले. या अधिनियमाने विधिमंडळांना दुय्यम ठरविलेले नाही. राज्य आयोगाने केलेले विनियम विधिमंडळासमोर ठेवावे लागतात, आयोगाचा वार्षिक अहवालही तेथे मांडावा लागतो. कलम ६५ तर आमदारांनी पाठच करावे असे आहे. राज्य शासनाला एखाद्या ग्राहकवर्गास वीजदरात सवलत द्यायची असेल, तर तिची रक्कम शासनाने वितरण कंपनीस आगाऊ दिली पाहिजे; ती न दिल्यास सवलतीचा आदेश लागू राहत नाही. म्हणजे व्यासपीठावरून घोषणा कोणीही करो, तिच्यासाठी लागणारा पैसा शासनाच्या अर्थसंकल्पातून यावा लागतो आणि अर्थसंकल्पाला मंजुरी आमदारच देतात.

याच कायद्याच्या कलम १६६ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात एक समिती असावी, अशी तरतूद आहे. विद्युतीकरणाचा विस्तार, पुरवठ्याचा दर्जा, ग्राहकांचे समाधान आणि विजेची बचत हे तिचे विषय. आपल्या जिल्ह्यात ही समिती कधी बसली आणि तिने काय ठरविले, हे सांगू शकेल असा मतदार शोधूनही सापडणे कठीण.

मौनाची किंमत

लोकांना अंधारात ठेवून ऊर्जेचे निर्णय घेतले की काय होते, हे महाराष्ट्राने दाभोळमध्ये अनुभवले आहे. १९९३ मध्ये एन्रॉनच्या कंपनीबरोबर वीजखरेदीचा करार झाला. १९९५ मध्ये युती शासनाने तो प्रकल्प रद्द केला आणि नंतर फेरवाटाघाटी करून त्याला पुन्हा मान्यताही दिली. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये महागड्या दरांच्या वादात प्रकल्प बंद पडला. करारातील अटींचा अर्थ सामान्य माणसापर्यंत पोहोचला तो प्रामुख्याने अभ्यासक आणि वृत्तपत्रे यांच्यामुळे. सत्ताधारी असोत वा विरोधक, आपल्या मतदारांपुढे करार उलगडून दाखविणारे आमदार मोजकेच होते. कटू असले, तरी हे सत्य सर्वच पक्षांना लागू आहे.

२००४ च्या निवडणुकीपूर्वी तत्कालीन काँग्रेस आघाडी शासनाने शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली. निवडणूक जिंकली आणि पुढच्याच वर्षी ती सवलत मागे घेतली गेली. त्यानंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाच्या छायेत काढली. दहावी-बारावीचे विद्यार्थी कंदिलाच्या उजेडात अभ्यास करीत होते आणि पिठाच्या गिरण्या विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत होत्या.

२०२० च्या जूनमधील प्रसंग तर अगदी अलीकडचा. टाळेबंदीत मीटर-वाचन थांबले होते. हिवाळ्यातील वापराच्या सरासरीवर देयके निघाली आणि जूनमध्ये उन्हाळ्याचा प्रत्यक्ष वापर एकदम मोजला गेला. एप्रिलपासून नवे दरही लागू झाले होते. देयकांचे आकडे पाहून घरोघरी संताप उसळला. अनेक ठिकाणी देयकांची होळी झाली. आकारणीत चूक कोठे झाली आणि आकारणी योग्य कोठे आहे, तक्रार कोणाकडे करायची, हे कागद हातात घेऊन समजावणारे मात्र विरळा. जेथे माहिती पोहोचत नाही, तेथे अफवा पोहोचते, हा धडा त्या महिन्यांनी दिला.

सौर वाहिनी आणि गावाचे मन

आज हा धडा पुन्हा आठवण्याचे कारण आहे. राज्याच्या ऊर्जाक्षेत्रात मोठे परिवर्तन होत आहे आणि ते थेट गावाच्या शिवारात उतरले आहे. शेतीपंपांना वर्षानुवर्षे आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री वीज मिळत आली. रात्रीची पाळी म्हणजे विंचू-सापाची भीती, जुन्नरसारख्या भागात बिबट्याची भीती आणि ओल्या हाताने पेटीला स्पर्श करण्याचा धोका. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी, व्यापक आवृत्ती आली. उपकेंद्राच्या जवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला द्यायची, अशी ही रचना आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगावचा प्रकल्प २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. जमिनीसाठी हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ, तसेच ग्रामपंचायतीला तीन वर्षांत १५ लाख रुपयांचे प्रोत्साहन अनुदान, अशी तरतूद योजनेत करण्यात आली.

योजना हितावह आहे, यात शंका नाही. तथापि काही गावांतून गायरानाच्या जमिनीवर प्रकल्प नको, असा विरोधाचा सूर उमटला. गुरे चारायची कोठे, हा प्रश्न विचारणारा पशुपालक विकासविरोधी ठरत नाही. कुंपणाचे खांब रोवले गेल्यावर गावाला योजना कळणे आणि ग्रामसभेत आधी आमदाराने येऊन जमीन कोणती, अनुदान किती, गावाला दिवसा वीज कधीपासून, हे सांगणे, यांत महदंतर आहे. पहिल्या मार्गाने पोलीस बंदोबस्त लागतो, दुसऱ्या मार्गाने गाव सोबत येते.

मोफत विजेचा हिशेबही असाच मांडला गेला पाहिजे. जुलै २०२४ मध्ये शासनाने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना जाहीर केली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे मोफत वीज, लाभार्थी सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वार्षिक भार १४ हजार ७६० कोटी रुपये, असे तिचे स्वरूप त्या वेळी मांडण्यात आले. म्हणजे सरासरीने प्रत्येक पंपामागे वर्षाला सुमारे साडेतेहतीस हजार रुपये. अन्नदात्याला दिलासा देण्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण हा पैसा करदात्यांचा आहे आणि मुदत मार्च २०२९ पर्यंतची आहे. २००४ ची घोषणा ज्या विचारसरणीचे लोक फसवी म्हणत होते, त्यांच्यावर ही घोषणा तडीस नेण्याची आणि तिचा वार्षिक जमाखर्च लोकांपुढे ठेवण्याची दुहेरी जबाबदारी येते. तोवर दिवसाची सौर वीज किती वाहिन्यांवर पोहोचली, यावरच या योजनेचे खरे यश ठरेल.

अहवाल कसा असावा?

यासाठी जाड पुस्तिकेची आवश्यकता नाही. दर अधिवेशनानंतर चार पानांचे पत्रक पुरेसे आहे. पहिल्या पानावर कायदा: ऊर्जेविषयी सभागृहात काय आले, आमदाराने कोणता प्रश्न विचारला, मंत्र्यांनी काय उत्तर दिले. दुसऱ्या पानावर मतदारसंघाची वीज: कोणत्या वाहिनीवर किती तास पुरवठा झाला, किती डीप्या जळाल्या व बदलायला किती दिवस लागले, कोणते उपकेंद्र रखडले आणि का. तिसऱ्या पानावर ग्राहकाचे हक्क: तक्रार प्रथम कंपनीकडे, नंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि शेवटी मुंबई अथवा नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे नेता येते, सेवेस ठरलेल्या मुदतीहून विलंब झाल्यास भरपाईची तरतूद आहे, दरवाढीच्या प्रस्तावावर कोणीही नागरिक आयोगाकडे हरकत नोंदवू शकतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या छतावरील संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद २०२४ मध्ये झाली. अर्ज कसा करावा, हेही तेथेच सांगता येईल.

चौथे पान गावाच्या वार्तांसाठी असावे. कोणत्या शाळेच्या छतावर सौर पट्ट्या बसल्या, कोणत्या गणेशोत्सव मंडळाने अधिकृत तात्पुरती जोडणी घेऊन आदर्श घातला, कोणत्या गावाने आकडे काढून थकबाकी भरली, कोणत्या महिला बचत गटाने विजेवर चालणारा गृहउद्योग उभारला. कायदा आणि गाव एकाच पत्रकात आले म्हणजे शासन कोठेतरी दूर आहे, ही भावना गळून पडते.

लोक असे पत्रक वाचणार नाहीत, ही शंका निराधार आहे. ज्या देयकातील प्रत्येक रुपयावर घरात चर्चा होते, त्याचा उलगडा करणारा कागद कोणी टाकून देत नाही. अपयशाची नोंद केली तर विरोधक तिचा वापर करतील, ही भीती मात्र खरी आहे. त्याला उत्तर एकच. डीपी बंद असल्याचे गावाला आमदाराच्या आधीच ठाऊक असते. ते आमदाराने स्वतःच्या अहवालात मान्य केले, तर पुढच्या आश्वासनावर गाव विश्वास ठेवते.

आमदार हे करीत नसतील, तर कार्यकर्त्यांनी ते करून घेतले पाहिजे. पुढील अधिवेशनापूर्वी आपल्या गावातील विजेचे तीन प्रश्न लिहून आमदाराच्या हाती द्यावेत आणि अधिवेशनानंतर त्यांची लेखी उत्तरे मागावीत. मागणी नम्र असावी, पण ती सोडू नये. सत्कारात श्रीफळ देणारे हात हिशेबाचा कागदही मागू लागले, तर रामभाऊंनी पाडलेला पायंडा मतदारसंघामतदारसंघांत पुन्हा रुजायला वेळ लागणार नाही.