उपाशी ठेवायचं कुणाला?

निगडी-प्राधिकरणापासून चाकणपर्यंत सध्या एक उपदेश फिरतो आहे. सोसायटीचा हॉल, महिला मंडळ, हळदीकुंकू, कुठेही तो ऐकू येतो. म्हणे स्तनाच्या कॅन्सरची गाठ साखरेवर जगते, तेव्हा भात, पोळी, दूध, फळं सगळं तोडा. दिवसभर दुधीचा आणि गव्हांकुराचा रस प्या, आठवड्यातून दोन दिवस कडकडीत उपास करा, गाठ उपाशी मरेल. आणि केमो चालू आहे तोवर अंग हलवू नका, शक्ती साठवा. उपदेशकांच्या बोलण्यात गोडवा आहे, टाळ्याही पडतात. समोर डोक्याला स्कार्फ बांधलेल्या दोन-चार बायका बसलेल्या असतात आणि त्या हे सगळं वहीत उतरवून घेतात. माझा राग त्या वहीपाशी सुरू होतो.

साखरेचं आधी बघू. ऑटो वारबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज झपाट्याने वापरतात. हे खरं आहे. उपदेशक पडद्यावर पेट स्कॅनचं चित्र लावतात, त्यात गाठ लखलखते, सभा हादरते. त्याच चित्रात मेंदूही लखलखतो, त्याबद्दल अवाक्षर नाही! एकट्या मेंदूला दिवसाला साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं. तोंडावाटे मिळालं नाही तर शरीर ते स्वतः तयार करतं. यकृतातला साठा साधारण दिवसभरात संपतो, मग स्नायूंमधली प्रथिनं मोडून साखर बनवायला सुरुवात होते. रक्तातली साखर काही शून्यावर येत नाही. म्हणजे गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो आणि झिजतात ते बाईचे दंड आणि मांड्या.

चाकणच्या एका कारखान्यात वायरिंग हार्नेस जोडणारी एक बाई मला केमोच्या वॉर्डात भेटली. पिशवीत डबा नव्हता, दोन बाटल्या होत्या, एक दुधीची, एक गव्हांकुराची. पाळीभर वायरींना टर्मिनल दाबून बसवणाऱ्या त्या हातांना बाटलीचं झाकण फिरेना. जावेने ते उघडून दिलं. वजन उतरलं होतं, अशक्तपणा होता, म्हणून डॉक्टरांनी केमोची सलाईन आठवडाभर पुढे ढकलली. घरात मात्र समाधान होतं: वजन उतरतंय म्हणजे उपाय लागू पडतोय. केमोच्या फेऱ्या ठरलेल्या अंतराने पार पडाव्या लागतात, आणि ज्यांचे स्नायू आधीच झिजलेले असतात त्यांना औषधाचा त्रास जास्त होतो. गाठीला उपाशी मारण्याच्या नादात गाठीवरचा वार लांबला, याची जबाबदारी उपदेशक घेणार आहेत का?

उपासावर संशोधन झालंय, असं ते सांगतात. झालंय. 2020 साली नेदरलँड्समधल्या 131 स्त्रियांच्या चाचणीचे निकाल आले. तिथे केमोआधीचे तीन दिवस आणि केमोच्या दिवशी, मोजूनमापून दिलेला कमी उष्मांकांचा आहार होता. गाठ आकसण्याबाबत काही आशादायक दिसलं, पण गंभीर दुष्परिणाम कमी झाले नाहीत आणि बहुतेकींना तो आहार सगळ्या फेऱ्यांत पाळता आला नाही. यातून आठवड्याला दोन कडकडीत उपास कसे निघतात?

हा वाद जुनाच आहे. बाळंतिणीला पाणी कमी द्या, तापात अन्न तोडा, कावीळ झाली की पोराच्या ताटातून हळदही काढा, या प्रत्येकावर मी भांडले आहे आणि प्रत्येक वेळी पथ्य बाईच्या किंवा लेकराच्याच पानात पडलेलं पाहिलं आहे. आता तर केमोची बाई घरच्या सगळ्यांना पोळ्या लाटून देते आणि स्वतः रस पिते. गाठ वाढली तर वर ऐकायचं की तूच पथ्य मोडलंस.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. शरीर अल्कली करायचं म्हणतात, पण रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 मध्येच राहतो, लिंबूपाण्याने तो हलत नाही. गुळवेल घ्या म्हणतात, पण तिने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्येच नोंदवले आहेत. आणि केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना मातीतून उपटलेल्या गव्हांकुरांचा कच्चा रस म्हणजे जंतूंना आमंत्रण. 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर रात्र असो, दिवस असो, तडक रुग्णालय गाठायचं. 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ज्या पिंपरीत उभी राहिली, तिथे तापावर काढा उकळत बसावं?

मग करायचं काय? पोटभर खायचं. किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 50 किलोच्या बाईला 60 ते 75 ग्रॅम. दोन उकडलेली अंडी, दोन वाट्या घट्ट वरण, चांगली शिजवलेली मटकीची उसळ, दही, मूठभर शेंगदाणे, जमेल तर चिकन किंवा सोयाबीन. मळमळ असेल तर थोडं थोडं, पाच-सहा वेळा. मधुमेह असेल किंवा स्टेरॉइडने साखर चढली असेल तर गोड आवरायचं, जेवण नव्हे.

आणि हलायचं. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना, बरं करण्याच्या हेतूने उपचार चालू असतानाही नियमित चालण्याचा आणि ताकदीच्या व्यायामाचा सल्ला देतात. शस्त्रक्रियेनंतर वजन उचललं की हात सुजतो, ही भीती 2009 साली 141 स्त्रियांच्या चाचणीने खोटी ठरवली: हात आधीच सुजलेल्या, हळूहळू वजन वाढवत नेणाऱ्या बायकांची सूज वाढली नाही. टाटा मेमोरियलने 850 स्त्रियांवर योगाची चाचणी केली तीही उपचारांच्या जोडीने, उपचारांऐवजी नव्हे. शस्त्रक्रियेनंतर भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, नाहीतर खांदा जखडतो. निगडीकरांना दुर्गा टेकडी आहे. चाकण-तळेगाव रस्त्यावर ट्रकच्या धुळीत कोण चालणार, तिथे गच्ची आणि गॅलरी चालते. ताप, प्लेटलेट कमी किंवा हाडांत आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

खायला आणि चालायला वेळ लागतो, आणि तो पाळीत मिळत नाही. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असलेल्या कामगार बाईला, नोकरीची दोन वर्षं आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर, कॅन्सरसाठी वेतनाच्या 80 टक्के आजारलाभ दोन वर्षांपर्यंत मिळतो. कंत्राटावरची असली तरी मिळतो. ठेकेदार हे आपणहून सांगत नाही. विमा क्रमांक आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जावं, नवऱ्याने किंवा जावेने सोबत जावं.