मुका वर्ग कोणी बांधला?

मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स, थोडक्यात ‘मूक’. मराठीत या शब्दाचा अर्थ सांगायला नको. गंमत म्हणजे ज्या कोर्समुळे हे नाव पडलं, तो अजिबात मुका नव्हता. २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी तो चालवला. फी भरलेले विद्यार्थी पंचवीसेक, फुकट आलेले दोन हजारांहून जास्त. लोक आपापल्या ब्लॉगवर लिहायचे, एकमेकांशी वाद घालायचे आणि तो वादच अभ्यास असायचा.

मग आपल्या मोबाइलमधला वर्ग मुका कसा झाला? ‘पोरांना बोलायचंच नसतं’ हे उत्तर मला मान्य नाही. कारण एका शिकवणीच्या ॲपमध्ये नोकरी करताना लाइव्ह क्लासचा चॅट बंद करणारं बटण मीच लिहिलंय. शिक्षक एक, मुलं हजारो. चॅटवर लक्ष ठेवायला माणूस नेमला तर पगार द्यावा लागतो. बटणाला लागत नाही. ‘शंका विचारा’ अशी सोय होती, पण ती शंका फक्त आमच्या टीमला दिसायची. ती किती वेळात ‘क्लोज’ झाली, हे आम्ही मोजायचो. मुलाला कळलं का, यासाठी रकानाच नव्हता.

मी स्वतः पॉइंटर शिकलो ते परीक्षेच्या आदल्या रात्री, हॉस्टेलच्या खोलीत. मित्राने शिव्या घालत मेसच्या वाट्या मांडल्या. वाटीत काय आहे ते सोड, वाटी कुठे ठेवलीय ते लिहिलेली चिठ्ठी म्हणजे पॉइंटर. सांगता सांगता त्याला स्वतःचीच एक चूक सापडली. त्या रात्री दोघं शिकलो.

चॅट उघडला की गोंधळ होतो, म्हणतात. हजार जण एका खोलीत कोंबले तर होणारच! दहा-दहाचे गट करा. कोर्स संपेपर्यंत तेच दहा जण एकत्र ठेवा. शंका आधी त्यांना दिसू दे, शिक्षकाला नंतर. चुकीचं उत्तर पुसू नका, त्याखाली दुरुस्ती दिसू दे. आणि लक्ष ठेवायला माणसं नेमा, पगार देऊन. यात कोड अवघड नाही. अवघड आहे तो पगाराचा आकडा.

तेव्हा पुढच्या वेळी फी भरताना व्हिडिओ किती तासांचे, हे विचारू नका. माझ्या शेजारी कोण बसणार, ते विचारा. उत्तर ‘कुणीच नाही’ असेल, तर तुम्ही रेकॉर्डिंगची फी भरताय.