यंत्र शिक्षकाच्या मदतीला, की शिक्षकाच्या जागी?

2015 च्या जून महिन्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच सुमारास राज्यात शाळा ‘डिजिटल’ करण्याची लाट आली. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची डिजिटल झालेली छोटीशी जिल्हा परिषद शाळा बघायला लांबलांबून शिक्षक येऊ लागले. गावांनी लोकवर्गणी काढली, माजी विद्यार्थ्यांनी हातभार लावला, कित्येक गुरुजींनी पदरमोड केली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. आज बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापलेले असतात, मोबाइल धरला की ‘दीक्षा’ ॲपवर धडा उघडतो. या सगळ्यामागे मुलांबद्दलची खरी तळमळ होती. तिला माझा मनापासून नमस्कार आहे.

पण प्राथमिक शाळांतली ही लाट आता हायस्कुलात पोचली आहे. स्मार्ट बोर्ड, मोठी पॅनेलं, तयार ई-लर्निंग संच असं बरंच काही वर्गात आलंय. प्रवेशाच्या जाहिरातीत ग्रंथालयाचा किंवा प्रयोगशाळेचा फोटो मागे पडला आणि ‘स्मार्ट क्लास’चा पुढे आला. तेव्हा एक साधा प्रश्न विचारायला हवा. नववी-दहावीतल्या मुलाचं गणित, विज्ञान, भाषा यामुळे सुधारली का? या सदराच्या निमित्ताने मी अनेक शाळांत हा प्रश्न विचारत असतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मुलांना आवडतं, मुलं रमतात.’ ते खरंच आहे. मात्र पडद्यासमोर रमलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवता येतं का, याची नोंद ठेवलेली शाळा क्वचितच भेटते.

हे तपासण्याचं काम आपल्या शेजारच्या राज्यात झालेलं आहे. गुजरातमधल्या ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांत अर्थतज्ज्ञ ली लिंडन यांनी संगणकावरून गणित शिकवण्याच्या एका कार्यक्रमाचा अभ्यास केला आणि 2008 मध्ये निष्कर्ष मांडले. मुलं दुसरी-तिसरीतली होती, तरी त्यातून जे दिसलं ते हायस्कुलांनीही लक्षात घ्यावं असं आहे. संगणकाचा कार्यक्रम दोन्हीकडे सारखाच होता. काही शाळांत तो शाळेच्या वेळेबाहेर, जादा तास म्हणून चालवला. काही शाळांत तो शाळेच्या वेळेतच, शिक्षिकेच्या शिकवण्याच्या जागी बसवला. जिथे जादा वेळ मिळाला तिथे मुलांचे गुण वाढले. जिथे शिक्षिकेचा वेळ कापून घेतला तिथे गुण घसरले, आणि ही घसरण तिकडच्या वाढीपेक्षा मोठी होती. ज्ञानशालेची शिकवण्याची पद्धत मुळातच चांगली बसलेली होती. ती बाजूला सारून संगणक आणला, त्याची किंमत मुलांनी मोजली.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. शाळेत संगणक आहे की नाही यावरून काहीच कळत नाही. त्याने कुणाची जागा घेतली, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हायस्कुलातला एक तास डोळ्यांपुढे आणा. पस्तीस-चाळीस मिनिटं. मुलांना ई-लर्निंगच्या खोलीत नेऊन बसवायचं, प्रोजेक्टर चालू करायचा, आवाज येत नसेल तर वायर हलवून बघायची, यातच बराच वेळ जातो. मग चित्रफीत लागते आणि ती संपेपर्यंत घंटा होते. धडा ‘दाखवून’ झालेला असतो. या तासात काय झालं नाही, ते बघा. वर्गसमीकरणाची दोन-तीन उदाहरणं फळ्यावर सोडवली गेली नाहीत. मुलांनी वहीत एकही स्वतःहून सोडवलं नाही. बाई बाकांमधून फिरल्या नाहीत, त्यामुळे पक्षांतर करताना चिन्ह बदलायला विसरणारी मुलगी कुणाच्या नजरेला पडली नाही. चित्रफितीतले सर कितीही छान समजावून सांगोत, त्यांना तिची वही दिसत नाही. तिची चूक तशीच घटक चाचणीपर्यंत जाते आणि तिथून बोर्डाच्या उत्तरपत्रिकेपर्यंत.

याहून गंभीर प्रकार म्हणजे शिक्षकाच्या रिकाम्या खुर्चीवर संच बसवणं. विज्ञानाचे सर निवृत्त झाले, भरती रखडली, पद रिक्त राहिलं, आणि ‘तोवर संचावर चालवून घेऊ’ असं ठरलं. हे ‘तोवर’ कधीकधी मुलांची आख्खी दहावी खाऊन टाकतं. संस्थाचालकांची अडचण मला समजते. वेतनेतर अनुदानाची रडकथा मी याच सदरात मांडली आहे. तरीही स्पष्ट सांगतो, शिक्षक नसलेल्या वर्गात पडदा लावून तास भरल्याची नोंद करणं ही त्या मुलांची फसवणूक आहे.

मग तंत्रज्ञान हायस्कुलात नकोच का? असं मी म्हणत नाही. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाने 2023 च्या अहवालासाठी देशभरातल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या मुलामुलींची पाहणी केली होती. त्यातल्या सुमारे 25 टक्के मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचं उदाहरण फक्त 43.3 टक्के मुलांना जमलं. म्हणजे नववीच्या एका वर्गात नववीची मुलं असतात, सहावीच्या पातळीची असतात आणि भागाकारावर अडलेलीही असतात. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने या सगळ्यांना एकाच तासात कसं सांभाळायचं? अभ्यासक्रम पुरा करण्याच्या धावपळीत मागची मुलं मागेच राहतात. नेमकी इथे यंत्राची मदत होऊ शकते.

त्याचा पुरावाही आहे, आणि तो बराच भक्कम आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन या अभ्यासकांनी 2015 मध्ये दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरची पाहणी केली. मुलं सरकारी शाळांतली, बहुतेक सहावी ते नववीतली. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि वरच्या इयत्तांत ही तफावत वाढत गेलेली होती. शाळेबाहेरच्या केंद्रात आठवड्यातून सहा दिवस दीड तास अभ्यास चालायचा. त्यातली 45 मिनिटं सॉफ्टवेअरवर आणि 45 मिनिटं छोट्या गटात एका शिक्षक-सहायकाबरोबर. सॉफ्टवेअर आधी मूल कुठे अडलंय ते हुडकायचं आणि मग तिथूनच उदाहरणं द्यायचं. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती इतर मुलांच्या जवळपास दुप्पट झाली, हिंदीतही मोठी झेप दिसली.

हा आकडा अनेक भाषणांत येतो. त्याच अभ्यासातली दुसरी बाब मात्र सहसा कुणी सांगत नाही. याच मुलांच्या शाळेतल्या परीक्षेत हिंदीचे गुण वाढले, पण गणिताच्या गुणांत म्हणावा असा फरक पडला नाही. कारण उघड आहे. मूल पाचवीचं गणित पक्कं करून सहावीच्या पातळीला आलं, पण शाळेचा पेपर आठवीचा होता. त्याचं शिकणं खरं होतं. ते मोजायला शाळेकडे माप नव्हतं. दहावीच्या टक्क्यांवरच नजर लावून बसलेल्या आपल्या पालकांनी आणि संस्थांनी हे नीट समजून घेतलं पाहिजे. आठवी-नववीत पाया भरायला घेतला तर त्याचं फळ पहिल्याच सहामाहीत दिसणार नाही. म्हणून ते काम सोडून द्यायचं, की मागे पडलेलं मूल कुठून कुठे आलं हे मोजणारी वेगळी चाचणी शाळेने घ्यायची? माझं उत्तर दुसरं आहे.

मोबाइलबद्दल फार लांबण लावत नाही, कारण त्यावर माझं मत ठाम आहे. हायस्कुलाच्या वर्गात मुलाच्या खिशात मोबाइल नको. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या 91 शाळांचा अभ्यास झाला होता. ज्या शाळांनी मोबाइलवर बंदी घातली तिथे सोळाव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेचे निकाल सुधारले. हुशार मुलांना त्याने फरक पडला नाही, सगळ्यात जास्त फायदा मागे असलेल्या मुलांना झाला. लक्ष विचलित झाल्याचा फटका गरीब, कच्च्या मुलाला जास्त बसतो, कारण घरी ती उणीव भरून काढायला त्याला शिकवणी नसते की शिकलेले आई-वडील नसतात. ‘असर’च्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी 76 टक्क्यांनी. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये रोज संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं. एका ग्रामसभेने घेतलेला तो निर्णय मला अनेक शैक्षणिक परिपत्रकांपेक्षा मोलाचा वाटतो.

आता वर्गातल्या पडद्याचा चांगला उपयोग. भूमितीत तो विलक्षण आहे. जिओजेब्रा हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. चक्रीय चौकोनाचा एक बिंदू वर्तुळावरून सरकवला तरी समोरासमोरच्या कोनांची बेरीज 180 अंशच राहते, हे मूल डोळ्यांनी बघतं. मग प्रमेयाची सिद्धता फक्त पाठ करायची वस्तू राहत नाही. पेशीविभाजनात गुणसूत्रं कशी सरकतात, भिंगापासून वस्तू लांब-जवळ नेली की प्रतिमा कुठे जाते, हे स्थिर आकृतीपेक्षा हलत्या चित्रात चांगलं समजतं. यासाठी पाच-सात मिनिटं पुरतात. पडदा बंद करायचा, मुलांना आकृती वहीत काढायला लावायची, शिक्षकाने फिरून बघायचं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2022 च्या ‘पिसा’ या शालेय पाहणीत भारत नव्हता, पण तिथेही हेच दिसतं. शाळेत दिवसाकाठी तासाभरापर्यंत शिकण्यासाठी डिजिटल साधनं वापरणारी मुलं अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा गणितात सरासरी 14 गुणांनी पुढे होती. त्याच पाहणीत 65 टक्के मुलांनी कबूल केलं की गणिताच्या निदान काही तासांना तरी या साधनांमुळे त्यांचं लक्ष उडतं. मर्यादेत वापर हवा, आणि ती मर्यादा आखणारा शिक्षक वर्गात उभा हवा.

मुख्याध्यापकांना माझं सांगणं आहे. तुमच्या शाळेत संगणकांची खोली असेल, तर ती सकाळी शाळेआधी किंवा शाळा सुटल्यावर तासभर उघडी ठेवा आणि आठवी-नववीतल्या अडलेल्या मुलांना त्यांच्या पातळीवरच्या सरावाला बसवा. सोबत एक माणूस द्या. डी.एड. झालेली, नोकरीच्या प्रतीक्षेत असलेली मुलं-मुली तुमच्याच गावात आहेत. जून, दिवाळी आणि मार्च अशा तीन वेळा त्या मुलांचं वाचन आणि भागाकार तपासा, वहीत तारखेसह लिहून ठेवा. पालकांनीही पुढच्या सभेला ‘आमच्या शाळेत स्मार्ट बोर्ड कधी येणार’ हे विचारण्याआधी गणिताच्या किती तासांना शिक्षकांनी स्वतः शिकवलं आणि मुलांच्या वह्या कितीदा तपासल्या, हे विचारावं.

आणि शाळेला देणगी देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. पॅनेलसाठी पैसे देण्याआधी मुख्याध्यापकांना फोन करून विचारा, गणित-विज्ञानाची पदं भरलेली आहेत का. नसतील, तर त्याच पैशांतून एका शिक्षकाचं वर्षभराचं मानधन द्या.