जुनी पिकअप घेतलीत? आधी ब्रेक उघडा

हंगाम आटोपून चार पैसे हातात आले की आपल्या भागात जुन्या गाड्यांची खरेदी सुरू होते. भाड्याच्या गाडीची वाट बघत तोडलेला टोमॅटो बांधावर तापू द्यायचा, त्यापेक्षा आपली एक सेकंडहँड पिकअप बरी, हा हिशेब काही चुकीचा नाही. २००५ साली टाटाची एस बाजारात आली, तिला आपण छोटा हत्ती म्हणू लागलो, आणि लहान शेतकऱ्यालाही आपल्या दारात मालाची गाडी उभी राहू शकते असे वाटू लागले. तेव्हा माझे म्हणणे गाडी घेण्याविरुद्ध नाही. गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याबद्दल आहे.

बाजारातून बैल आणला तर आपण त्याला दुसऱ्याच दिवशी औताला जुंपत नाही. खूर बघतो, पत्री मारून घेतो, जंताचे औषध पाजतो, जागा आणि चारा बदलला म्हणून चार दिवस जपतो. जुनी पिकअप दारात आली की मात्र नारळ फुटतो, काचेवर देवाचे नाव येते, नवा हॉर्न बसतो, पोरं साउंड लावून घेतात आणि तिसऱ्या दिवशी पहाटे साठ-सत्तर क्रेट भरून गाडी मार्केटच्या रस्त्याला! इंजिनचे विचारावे तर उत्तर ठरलेले. "मालक म्हणला, सर्व्हिसिंग कालच केलीय."

हे मी दुसऱ्याचे सांगत नाही. आमच्या थोरल्या भावाने अशीच गाडी आणली. रंगाला आणि ताडपत्रीला पैसे घातले. ब्रेक "लागतात की" म्हणून तसेच राहिले. टोमॅटो भरून तो वाशीला निघाला. कसारा घाटाच्या उतारावर डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलला सोडली आणि निम्म्या घाटात ब्रेकचे पेडल खाली टेकले. डोंगराच्या अंगाला घासत त्याने गाडी थांबवली. माणूस वाचला, पण उजवा गुडघा आजही नीट वाकत नाही. कोणते खत कधी टाकावे हे गावोगाव सांगत फिरणारा मी. घरच्या गाडीचा ब्रेक एकदा उघडून बघ, एवढे माझ्या तोंडून निघाले नव्हते.

असे का होते ते समजून घ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल पिते. ते जुने झाले की त्यात पाणी मुरलेले असते. घाटात एकसारखा ब्रेक दाबला की ऑइल तापते, त्या पाण्याची वाफ होते. ऑइल दाबले जात नाही म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत जातो. वाफ मात्र दाबली जाते. पेडल आत जाते आणि गाडी काही थांबत नाही. म्हणून मागच्या मालकाने काहीही सांगितलेले असो, जुने ब्रेक ऑइल सगळे काढून झाकणावर लिहिलेल्या प्रतीचे नवे भरा आणि चारी चाकांची हवा काढून घ्या. पुढे दर दोन वर्षांनी हेच करा. मागचे ड्रम उघडून लायनर बघा. व्हील सिलिंडरपाशी ओल दिसली तर ऑइल गळते आहे. ते पुसून ड्रम पुन्हा बंद करणारा मिस्त्री असेल तर मिस्त्री बदला.

न्यूट्रलचे खूळ तर सोडाच. गिअरमध्ये असताना इंजिन स्वतः गाडीला मागे ओढते. न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर येतो. जो गिअर चढाला लागतो तोच उताराला ठेवावा. काहीजण उतारावर चावीच बंद करतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार होत नाही. दोन-तीनदा दाबले की पेडल दगडासारखे होते.

ऑइलची कामे एका दिवसात उरकतात. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर न विचारता बदला. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ फेस दिसला तर इंजिनात पाणी जात असण्याची शक्यता आहे, तसे असेल तर गाडी पुढे पळवू नका. गिअर बॉक्स आणि मागच्या हौसिंगचे ऑइल सहसा कोणी बघत नाही, तेही बघून घ्या. डिझेल फिल्टरमधले पाणी सोडा, एअर फिल्टर नवा टाका. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतायची सवय वाईट. ठिबकच्या नळ्या क्षारांनी कशा बुजतात हे आपल्याला ठाऊक आहे, रेडिएटरच्या नळ्या त्याहून बारीक आहेत. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच भरा. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची पावती मिळत नसेल, तर नवा घाला. तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावे लागते.

आता माझ्या विषयातली गोष्ट. गाडीने आधी काय वाहिले, हे विचारा. युरिया, मीठ किंवा मासळी वाहिलेल्या गाडीचा पत्रा आणि चेसिस आतून गंजतात, कारण खत आणि मीठ दोन्ही ओल धरून ठेवतात. हौद्यातले मॅट उचला, खाली वाकून चेसिसवर हातोडीने हलके ठोकत जा. जिथे काळा रंग अगदी ताजा असेल तिथे जास्त ठोका. कीटकनाशकांचे खोके वाहिलेला हौदा धुण्याच्या सोड्याने दोनदा धुतल्याशिवाय त्यात चारा किंवा भाजी भरू नका.

मागे पाट्यांत जादा पान घातलेले दिसले, तर त्या गाडीने क्षमतेबाहेर माल ओढला आहे असे समजा आणि पाटे, यू-बोल्ट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस नीट तपासून ग्रीसिंग करून घ्या. टायरची नक्षी बघून फसू नका, त्याचे वयही बघा. कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर.

या सगळ्याला पैसा लागतो. माझे मत असे, की गाडीसाठी जेवढी रक्कम जमवली तिच्यातले दहा टक्के आधीच बाजूला काढावेत आणि उरलेल्यात बसेल तीच गाडी घ्यावी. रंग पुढच्या वर्षी. नाव बदलण्याचे आणि विम्याचे कागदही टाळू नका. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करायचा असतो.

आणि आम्हा विस्ताराच्या माणसांनाही एक सांगणे आहे. ट्रॅक्टरच्या देखभालीवर आपण मेळावे घेतो, पिकअपचे मात्र नाव काढत नाही. ट्रॅक्टर शेतात बंद पडला तर एक दिवस जातो, पिकअप घाटात उतरते. पुढच्या मेळाव्याला एक चांगला मिस्त्री बोलवा आणि मांडवासमोर एक ड्रम उघडून दाखवू द्या.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकामी मारा, दुसरी अर्ध्या मालाची. घरी आल्यावर चाकांचे नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळा, आणि रात्री गाडी उभी केली तिथे सकाळी जमिनीवर डाग पडलाय का, ते बघा.