तैल शास्त्रोक्त, बाटली कोणती?

विरुद्ध आहाराच्या संदर्भात वाग्भटाचार्यांनी कांस्यपात्रात दहा दिवस ठेवलेले तूप वर्ज्य सांगितले आहे. द्रव्य उत्तम आणि पात्रही उत्तम, तरी दोहोंचा सहवास अहितकर ठरू शकतो. कुंकुमादी तैल वा केशतैल प्लास्टिकच्या बाटलीत भरताना हा विचार आपल्यापैकी कितीजण करतात?

बाटलीच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई. पेट काचेसारखी पारदर्शक, म्हणून सौंदर्यप्रसाधनांसाठी तिलाच पसंती. परंतु साधारण ७० ते ८० अंशांच्या पुढे ती मऊ पडते. नुकतेच गाळलेले गरम तैल तीत भरणे सर्वथा अयोग्य. एचडीपीई अधिक उष्णता सोसते. मात्र कापूर, पुदिन्याचे सत्त्व अशी उडनशील द्रव्ये तिच्या अंगातून हळूहळू निसटतात. मलकापूर-खामगावकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा ही गती आणखी वाढते. रुग्णाच्या हाती उरते ते नुसते तेल!

काच जड असते, फुटते, पार्सलचा खर्च वाढवते, हे औषधालयचालकांचे म्हणणे खरे आहे. त्यामुळे सरसकट काचेचा आग्रह मी धरणार नाही. चूर्णे, उटणी एचडीपीईच्या डब्यात खुशाल ठेवावीत. उडनशील द्रव्ययुक्त तैले मात्र, किंमत थोडी वाढली तरी, तपकिरी काचेतच द्यावीत. पाण्याच्या वापरलेल्या बाटलीत सुटे तैल देण्याची चाल तर तत्काळ बंद व्हावी. बाटल्या पुरविणाऱ्याकडून प्लास्टिकचा प्रकार लेखी मागावा. तो देत नसल्यास दुसरा पुरवठादार शोधावा.