तुझी तालीम कुठली?

पुण्यात कुणी ‘कुठं राहतोस?’ विचारलं की आपण सोसायटीचं नाव सांगतो आणि खूण म्हणून जवळचा मॉल. कोल्हापुरात एवढ्यावर भागत नाही, राव! ‘मंगळवार पेठ’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘तालीम कुठली?’ तुम्ही व्यायाम करता की नाही, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी आयुष्यात कधी लंगोट लावला नाही. तरी माझी तालीम आहे!

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि गल्लोगल्ली लाल माती आली. खासबागचं मैदान त्यांचंच, १९१२ साली सुरू झालेलं. मधे हौदा आणि भोवती उतरत्या बैठका. कुठंही बसा, कुस्ती दिसणारच. पुढं बऱ्याच तालमींतली माती सुटली, पण तिथं येऊन बसणं काही सुटलं नाही. पोरांनी गणपती बसवला, फुटबॉलची टीम काढली. म्हणून तर इथल्या टीमची नावं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम अशी. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, म्हणजे आपली ‘पीटीएम’, विरुद्ध प्रॅक्टिस क्लब अशी मॅच असली की त्या दुपारी निम्म्या ऑफिसचे दात दुखतात! २०१७ मध्ये भारतात अंडर-१७ वर्ल्ड कप झाला, त्यात आपल्याकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. आणि मोठा वर्ल्ड कप आला की अख्खी पेठ दोन देशांत वाटली जाते. ही गल्ली ब्राझील, ती गल्ली अर्जेंटिना. मधे रहदारीला वाट असली तर असली.

बाहेरच्यांना हा सगळा निव्वळ टाइमपास वाटतो. माझ्या पुण्यातल्या टीम लीडनं एकदा विचारलंच, ‘अरे, पण तिथं बसून करता काय?’ करत काहीच नाही, बॉस. संध्याकाळी गंगावेशीत म्हैस समोर पिळतात, त्या धारोष्ण दुधाचा ग्लास मारायचा आणि कट्ट्यावर येऊन बसायचं. कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलं, कुणाची नोकरी गेली, कुणाची आजी पडली, हे सगळं न विचारता कळतं.

या कळण्याची किंमत २०१९ च्या ऑगस्टमध्ये समजली. पंचगंगेला महापूर आला, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर पाण्यात गेलं. तेव्हा तालमी आणि तरुण मंडळंच जेवण, पाणी, अंथरुणं घेऊन धावली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. कोणत्या घरात वरच्या मजल्यावर एकटी म्हातारी आहे, कुणाला जिना उतरवत नाही, हे पोरांना पाठ होतं. एवढी वर्षं नुसतं बसून त्यांनी हेच तर शिकून ठेवलं होतं!

बाबूजमाल तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षं दोन्ही सण एकत्र आले, तेव्हा दोघं एकाच छताखाली होते. त्यासाठी वेगळं चर्चासत्र भरवावं लागलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, पेठेचा पोरगा पेठेचीच आरती ओवाळणार. तर थांबा. स्टेडियममधल्या हुल्लडबाजीची आणि मिरवणुकीतल्या साऊंडच्या भिंतींची बाजू मी घेणार नाही. पण त्याहून मोठा मुद्दा माझ्या ताईनं काढला. ती बँकेत आहे आणि हौशी नाटकात काम करते. मी तालमीचं कौतुक सुरू केलं की ती एवढंच विचारते, ‘आणि आम्ही कुठं बसायचं रे?’ यावर माझ्याकडं उत्तर नसतं.

तिच्याकडं मात्र होतं. तिचा कट्टा म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनीच १९१५ मध्ये उभं केलेलं, मूळ नाव पॅलेस थिएटर. पुढं त्याला ‘ललितकलादर्श’च्या केशवरावांचं नाव मिळालं. खासबागला लागूनच हे थिएटर. बँकेतून सुटायचं, बाहेर भेळ खायची, राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग बघायचे नाहीतर स्वतः करायचे आणि रात्री उशिरा, पुढच्या वर्षी काय बसवायचं यावर भांडत घरी यायचं. पेठेत बायकांना अमुक एका कामाशिवाय इतका वेळ घालवता येईल, अशा जागा आहेत किती?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ताईचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. म्हणाली, ‘आता आम्ही भेटायचं कुठं, तेवढं सांग.’ ही वास्तू पुन्हा उभी करायची असं ठरलं, सरकारनं निधीही जाहीर केला. पण ताईच्या ग्रुपनं त्याची वाट बघत बसायची नाही असं ठरवलं. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या हॉलमध्ये, मिळेल तिथं ते जमत राहिले. ‘एक वर्ष भेटलो नाही ना, की मग नवं थिएटर मिळूनही उपयोग नाही,’ हे तिचं लॉजिक.

मला ते शंभर टक्के पटतं. आमच्या कट्ट्यावर आम्ही बाराजण होतो. आज चौघं पुण्यात, दोघं बेंगळुरूत, एकजण थेट डब्लिनला. गणपतीची वर्गणी मोबाइलवरून दोन मिनिटांत जाते, ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटोही येतात. पैशाची अडचण कुठंच नाही. पण पुराच्या पाण्यात वर्गणी उतरत नाही ना राव, त्याला पोरं लागतात! म्हणून महिन्यातला एक रविवार मी तालमीसाठी बांधून ठेवलाय. आणि यंदा मीटिंगला ताईला घेऊन जाणार आहे. तिला काय बोलायचंय ते ती बघून घेईल, तोंडानं काही कमी नाही.

तुम्ही कोल्हापूरचे नसाल, तरी एक हिशेब करून बघा. ऑफिस, घर, जिम आणि मॉल वगळले, तर या आठवड्यात तुम्ही कुठं जाऊन नुसते बसलात? आणि तिथं चार दिवस दिसला नाहीत, तर कुणी तुमची चौकशी करेल?